चाकाची पाठ आधी बघा

पुण्यात गाड्यांची चाकं बदलून देण्याचा माझा धंदा आहे. येणारा माणूस मोबाईलवर फोटो काढून दाखवतो आणि विचारतो, "दादा, हे आपल्या गाडीला कसं दिसेल?" कसं दिसेल ते त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बसेल का, ते मात्र फोटोत नसतं. चाक उलटं केल्यावर कळतं. स्पोर्ट्स कारच्या मडगार्डात जागा मुळातच कमी, त्यामुळे चार मिलिमीटरची चूकही टायर खाते. उदाहरणाला बीएमडब्ल्यू एम२ घेतो. या गाडीचे मालक हौशीही असतात आणि घाईतही असतात.

१. आकडे वाचल्याशिवाय भाव करू नका

चाक जमिनीवर पालथं ठेवा. मागच्या बाजूला '९जे × १९, ईटी २९' असं काहीतरी उठवलेलं दिसेल. म्हणजे रुंदी ९ इंच, व्यास १९ इंच, ऑफसेट २९ मिलिमीटर. जवळच एका चाकाला किती किलो झेपतात तेही असतं. गाडीच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर प्रत्येक ॲक्सलचं कमाल वजन छापलेलं असतं. त्याचं निम्मं करा. चाकावरचा आकडा त्यापेक्षा कमी असेल किंवा मुळात नसेलच, तर उठून चालायला लागा. जेडब्ल्यूएल ही जपानी मानकाची खूण दिसली म्हणूनही भुलू नका. नकली चाकावर ती अस्सलपेक्षा ठळक असते.

२. नाव एक, मापं दोन

एफ८७ पिढीच्या, म्हणजे जुन्या एम२ला पीसीडी (बोल्टची संख्या × त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५×१२०, मधलं भोक ७२.६ मिलिमीटर. २०२३ साली भारतात आलेल्या नव्या एम२ला ५×११२ आणि ६६.६. त्यामुळे 'एम२ची चाकं आहेत, उचला' असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, कुठल्या एम२ची?

भोक हबपेक्षा मोठं असेल तर हब रिंग घालून भागतं. लहान असेल तर चाक हबवर चढतच नाही. रिंग नसली तर चाक फक्त बोल्टच्या भरवशावर मध्यात राहतं, ऐंशी-नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि बिचारा टायरवाला पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतो. कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर गाडी पळवणार असाल तर प्लॅस्टिकची रिंग नको, ब्रेकच्या उष्णतेने ती मऊ पडते. ॲल्युमिनियमची घ्या. पावसाळ्यात तीही हबला धरून बसते, तेव्हा बसवताना अँटी-सीझचा अगदी पातळ हात मारा.

३. ऑफसेटचं गणित कागदावर करा

सगळी भांडणं इथेच होतात. ऑफसेट म्हणजे चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक हबला टेकतं तो पृष्ठभाग यांतलं अंतर. आकडा जितका कमी, तितकं चाक बाहेर.

जुन्या एम२ला पुढे कंपनीचं चाक ९जे, ईटी २९. समजा तुम्हाला साडेनऊ, ईटी २२ आवडलं. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर; त्यातले ६.३५ आत आणि ६.३५ बाहेर वाढले. ऑफसेट ७ ने कमी झाला, म्हणजे सगळं चाक ७ मिलिमीटर बाहेर सरकलं. बाहेरची कड १३.३५ मिलिमीटर पुढे आली आणि आत ०.६५ मिलिमीटर जागा उलट वाढली. आता प्रश्न फक्त मडगार्डाच्या कडेचा उरला. हेच चाक ईटी ३५ चं असतं तर बाहेर जेमतेम काही वाढलं नसतं, पण आत १२ मिलिमीटरहून जास्त सरकून सस्पेन्शनच्या स्ट्रटला भिडायची वेळ आली असती. 'थोडं आत-बाहेर होईल' हे उत्तर दुकानदाराकडून घेऊ नका. मिलिमीटर मागा.

४. मापं जुळली तरी ब्रेकला विचारा

एकाच मापाची, एकाच ऑफसेटची दोन चाकं. एक कॅलिपरवरून सहज फिरतं, दुसरं घासतं. कारण स्पोक आतून कसा वळलाय ते कुठल्याच आकड्यात येत नाही. मोठे ब्रेक असलेल्या गाडीला आम्ही पोरांच्या खेळण्यातली क्ले वापरतो. कॅलिपरच्या सगळ्यात फुगीर जागेवर क्लेचा गोळा थापायचा, टायर न चढवलेलं चाक लावून दोन बोल्ट हाताने आवळायचे आणि एक फेरा सावकाश फिरवायचा. चाक काढलं की दबलेली क्ले ब्लेडने कापून व्हर्नियरने जाडी मोजायची. तीन मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर मी चाक परत पाठवतो. रिमच्या आतल्या घेरात बॅलन्सिंगची वजनं चिकटवतात, त्यांची जाडीही धरायची असते. ही गोष्ट भलेभले विसरतात.

५. इंच वाढवण्यापेक्षा कमी करा

गिऱ्हाईक नाराज होतं, तरी सांगतो. जुन्या एम२ला पुढे २४५/३५ आर१९ टायर. त्याच्या बाजूची उंची जवळजवळ ८६ मिलिमीटर. २० इंची चाकावर २४५/३० चढवलात की ती साडेत्र्याहत्तरवर येते. जुलैतल्या खड्ड्यात रिमची कड आणि डांबर यांच्यामध्ये तेवढंच रबर. उलट १८ इंचावर २४५/४० घेतलात तर ९८ मिलिमीटर मिळतात आणि बाहेरचा व्यास मिलिमीटरभरच बदलतो, म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. अट एकच, ब्रेक मावले पाहिजेत. वरची क्ले इथे लागतेच.

६. फोर्ज्ड वाकतं, कास्ट तडकतं

ढोबळ आहे, पण खरं आहे. वाकलेली कड बरेचदा सरळ होते. तडकलेल्या चाकाला वेल्डिंग करून ते स्पोर्ट्स कारला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. फोर्ज्ड चाक महाग असतं, पण तेवढ्याच ताकदीला हलकं असतं. रेज या चाकं बनवणाऱ्या कंपनीचं टीई३७ हे १९९६ चं फोर्ज्ड चाक. पंधरा इंची मापात ३.७ किलोचं होतं, नावातला ३७ तिथूनच आला. त्याच्या नकला बाजारात ढिगाने मिळतात. त्यांतलं चाक हातात घ्या, वजन लगेच कळतं.

७. बोल्ट पाहून घ्या, मग आवळा

बीएमडब्ल्यूच्या बोल्टची बैठक शंकूच्या आकाराची असते, स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची गोल. बाहेरची बहुतेक चाकं शंकूची बैठक मागतात, म्हणून ऑक्टाव्हिया आरएसचे कंपनीचे बोल्ट नव्या चाकाला वापरू नका. टेकतात कडेवर आणि सैल होतात. स्पेसर दहा मिलिमीटरचा टाकलात तर बोल्टही तेवढाच जास्त लांब हवा. एम२ला १४० न्यूटन-मीटर, टॉर्क रेंचने. हवेच्या गनने शेवटचा झटका देणाऱ्याला हात लावू देऊ नका. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर परत तपासा.

८. कागद आणि जुनी चाकं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलापासून गाडी बदलण्याला आडकाठी करतं. म्हणून चाकं चढवण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या. मडगार्डाबाहेर आलेला टायर मी लावून देत नाही, गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो. आणि कंपनीची चारही चाकं विकू नका. गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूस पहिल्यांदा तीच मागतो, आणि नसली तर भाव पाडतो.