वरणाच्या पाण्याने पोट भरतं, पोषण होत नाही

प्रश्न : माझी मुलगी साडेसहा महिन्यांची आहे, अंगावर पिते. सासूबाई म्हणतात, तिला वरणाचं पाणी पुरे, घट्ट अन्न पचणार नाही. गाईचं दूधही सुरू कर. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : काळजी करू नका, तुम्ही वेळेवर विचारलंत. सहा महिन्यांनंतर बाळाला आईच्या दुधाच्या जोडीला लोह आणि उष्मांक हवे असतात. वरणाच्या पाण्यात डाळ नावापुरतीच असते. इवलंसं पोट पाण्यानेच भरून जातं. म्हणून डाळही घोटून द्या. मूगडाळ-तांदळाचं मऊ खिमट व त्यावर थोडं तूप, नाचणीची लापशी, कुस्करलेलं केळं, चालत असेल तर पूर्ण उकडलेलं अंडं द्या. घास चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट असावा. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करा. आता दिवसातून २-३ वेळा, नवव्या महिन्यापासून ३-४ वेळा भरवा. अंगावरचं दूध चालूच ठेवा.

वर्षाच्या आत मध अजिबात नको, मीठ-साखरही टाळा. गाईच्या दुधात लोह फार कमी असतं, म्हणून ते प्यायला वर्षानंतरच द्या. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करा. ते वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सासूबाईंनाच खिमट घोटायला सांगा. त्यांचा हात आणि माया दोन्ही नातीला मिळतील.