मायक्रोवेव्हमधला भात मधोमध गार का राहतो?

पुण्यातल्या विश्रांतवाडी, धानोरी, कळस या भागात नवरा-बायको दोघंही नोकरी करणारी घरं पुष्कळ. रात्री उशिरा यायचं आणि फ्रिजमधला भात-आमटी मायक्रोवेव्हमध्ये गरम करायची. अशा घरांतून हमखास प्रश्न येतो : "डॉक्टर, या किरणांनी कॅन्सर होतो का?" नाही होत. या लहरी रेडिओ लहरींच्याच जातीच्या. डीएनएची मोडतोड करण्याइतकी ऊर्जा क्ष-किरणांत असते, यांच्यात नसते. ओव्हन बंद झाला की लहरी संपल्या. अन्नात त्यांचं काही उरत नाही. लहरीची लांबी साधारण १२ सेंटीमीटर, त्यामुळे दाराच्या जाळीच्या बारीक छिद्रांतून लहर बाहेर पडू शकत नाही. दार वाकलं असेल, नीट लागत नसेल, तर मात्र दुरुस्त होईपर्यंत ओव्हन वापरू नका.

पोट बिघडतं ते अर्धवट गरम झालेल्या अन्नानं. ओव्हनमधलं विद्युतक्षेत्र सेकंदाला सुमारे २४५ कोटी वेळा मागेपुढे होतं. पाण्याच्या रेणूचं एक टोक धन, दुसरं ऋण. क्षेत्राबरोबर वळता वळता रेणू शेजारच्या रेणूंवर आदळतात आणि अन्न तापतं. पण लहरी जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर आत शिरतात, त्याही सगळीकडे सारख्या पोचत नाहीत. म्हणून कडेचा भात चटका देतो आणि मधला गारच लागतो. त्या गार भागात जंतू जिवंत राहतात.

भाताला तर जास्तच जपा. बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू भात शिजवला तरी मरत नाहीत. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात हा जंतू वाढून विष तयार करतो आणि ते विष भात पुन्हा गरम केल्यानं जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात निववून तासा-दोन तासांत फ्रिजमध्ये ठेवा.

गरम करायला काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं घ्या, वर सैल झाकण ठेवा, मध्येच काढून तळापासून ढवळा. मधला भागही ७४ अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे चांगला वाफाळेपर्यंत, तापू द्या आणि मग दोन मिनिटं थांबा. स्टीलचा डबा नको. धातूवरून लहरी परततात, ठिणग्या उडतात. श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिकचे डबेही नकोत.

घरात तान्हं बाळ असेल तर दुधाची बाटली मायक्रोवेव्हमध्ये कधीच ठेवू नका. बाटली हाताला कोमट लागते, पण आतलं दूध एखाद्या जागी तोंड भाजण्याइतकं तापलेलं असतं. ती गरम पाण्याच्या भांड्यात धरा आणि पाजण्याआधी दोन थेंब मनगटावर टाकून पाहा.