चुकलेला निर्णय आणि विकलेला निर्णय

फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या अहिल्यानगरात महाराष्ट्र केसरी स्पर्धेची सांगता झाली. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पंचांनी शिवराज राक्षे यांना चीतपट ठरवून पृथ्वीराज मोहोळ यांना विजयी घोषित केले. दोन्ही खांदे गादीला टेकल्याखेरीज मल्ल चीतपट होत नाही; ते टेकलेच नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे. संतापाच्या भरात त्यांनी पंचांना लाथ मारली व ३ वर्षांची बंदी ओढवून घेतली. पुढे चौकशीत निर्णयच चुकीचा ठरला आणि पंचही ३ वर्षांसाठी निलंबित झाले.

त्या लाथेचे समर्थन आम्हांस करवत नाही. तथापि चावडीवरच्या चर्चेत ‘पंच चुकला’ आणि ‘पंच विकला गेला’ ही दोन वाक्ये एकाच अर्थाने उच्चारली जातात, हे आम्हांस अधिक खटकते. पंच विकला जातो तेव्हा काय घडते, हे पाहावयाचे असेल तर फुटबॉलमधील एका उदाहरणाकडे वळावे लागेल.

जर्मनीचा रॉबर्ट हॉयझर वयाच्या २५ व्या वर्षीच देशाच्या दुसऱ्या श्रेणीच्या साखळीत पंचगिरी करू लागला होता. पुढची वाट मोकळी होती. २१ ऑगस्ट २००४ रोजी जर्मन चषकाच्या सामन्यात बलाढ्य हाम्बुर्ग संघ पाडरबोर्न या लहान संघाविरुद्ध २-० असा आघाडीवर होता. हॉयझरने पाडरबोर्नला २ संशयास्पद पेनल्टी बहाल केल्या. निषेध करणाऱ्या हाम्बुर्गच्या आघाडीपटूस, एमिल म्पेंझा यास, लाल कार्ड दाखवून बाहेर काढले. पाडरबोर्न ४-२ ने जिंकले. बर्लिनच्या एका कॅफेत बसणाऱ्या सट्टेबाजांकडून त्याने अशा कामांसाठी सुमारे ६७,००० युरो आणि एक दूरचित्रवाणी संच घेतला होता. (उभ्या आयुष्याच्या व्यवसायाची ही किंमत!)

त्याला उघडे पाडले ते चिडलेल्या खेळाडूंनी नव्हे, तर ४ सहकारी पंचांनी. आपल्याच व्यवसायबंधूविरुद्ध संघटनेकडे जाणे सोपे नसते. आमच्या दृष्टीने या साऱ्या प्रकरणातील खरे धैर्य तेच. हॉयझरने आरंभी सर्व नाकारले, पण जानेवारी २००५ मध्ये कबुली दिली. त्याच्यावर आजन्म बंदी आली आणि नोव्हेंबरमध्ये २ वर्षे ५ महिन्यांची कैद ठोठावण्यात आली.

तोवर हाम्बुर्गच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली होती. संघाला भरपाई मिळाली. सामना मात्र पुन्हा खेळवला गेला नाही. नोंदवहीत निकाल आजही ४-२ असाच आहे.