पुन्हा धरली म्हणून घाबरू नकोस

हे बघ, पाठ पुन्हा धरली म्हणजे तू पुन्हा मोडलीस असं मनात आणू नकोस. बाकी सगळं सावकाश बोलू, पण एवढं आधी ऐकून घे, कारण काल फोनवर तुझा आवाज दुखण्यापेक्षा भीतीनेच जास्त कापत होता. खड्ड्यात स्कूटी गेली, तू आपटलीस, औषधपाणी झालं, बरं वाटलं, कामावरही जायला लागलीस. आणि परवा लेकाची चप्पल उचलायला वाकलीस तर कमरेत अशी चमक भरली की जागची हलता येईना. एवढ्याशा कामाने असं होतं म्हणजे आत काहीतरी भयंकर झालं असणार, असं वाटतंच गं. मीही एकदा पडले होते, त्याला आता बरीच वर्षं झाली, तरी माझी कंबर अधूनमधून धरते. एसटीच्या लांबच्या प्रवासानंतर धरते, लग्नघरातल्या धावपळीत धरते, सलग जागरणं झाली तर हमखास धरते. आणि दरवेळी सुटतेही. एकदा दुखावलेली कंबर पुन्हा धरणं हे अगदी नेहमीचं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. यात तू एकटी नाहीस.

मग ही कळ येते कुठून? पडल्यावर स्नायूंना, मणक्यांमधल्या गादीला जो मार लागतो, तो बहुतेकदा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येतो. सरकलेली गादीसुद्धा पुष्कळदा हळूहळू आक्रसते. तिचा बाहेर आलेला भाग शरीर स्वतःच जिरवून टाकतं. पण नसांना आणि मेंदूला त्या आपटण्याची धास्ती बसलेली असते. चोरी होऊन गेलेल्या घरातलं कुत्रं पुढे कितीतरी दिवस दूधवाल्यावरही भुंकतं, तसंच हे. तू चप्पल उचलायला वाकलीस, धोका काहीच नव्हता, तरी कमरेभोवतीच्या स्नायूंनी आवळून धरलं. कळ मात्र खरी होती. 'मनाचे खेळ आहेत' असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकून घेऊ नकोस. फक्त कळ किती मोठी यावरून इजा किती मोठी हे ठरवू नकोस. झोप अपुरी झाली, घरात वादावादी झाली, पैशांची काळजी लागली, तर तीच कंबर दुप्पट दुखते.

तुझा तो एमआरआयचा रिपोर्ट आता कपाटात ठेवून दे. 'एल फोर-एल फाइव्ह बल्ज' आणि 'डीजनरेटिव्ह' हे शब्द वाचून तू आपला मणका झिजला असं धरून बसली आहेस. २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. ज्यांना पाठीचं काहीही दुखणं नव्हतं अशा ३,११० लोकांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या होत्या आणि पन्नाशीतल्या सुमारे ६० टक्क्यांच्या. ही सगळी माणसं न दुखता हिंडत-फिरत होती. वयाबरोबर केस पिकतात तसे मणक्यातही बदल होतात. रिपोर्ट डॉक्टरांच्या कामाचा आहे, तुला तपासून ते तो त्याच्याशी ताडून पाहतात. तू रोज रात्री तो उघडून बसण्यात काही हशील नाही.

आता ज्या गोष्टींना खरंच घाबरायचं, त्या नीट लक्षात ठेव. लघवी तुंबली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसतो त्या जागी बधिरपणा आला, चालताना पाऊल लोंबायला लागलं किंवा पायातली ताकद उतरत चालली, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं. नस फार दबली असेल तर तिथे तासांचा हिशोब असतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यायची. आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही आढळतो. आणि आईच्या वयाची बाई नुसती बसकण मारून पडली आणि पाठ दुखायला लागली, तर हाड ठिसूळ होऊन मणका दबला नाही ना, हे पाहायला एक्स-रे हवाच. यातलं काही लपवायचं नाही. लघवीचं कसं सांगायचं म्हणून बायका दोन-दोन दिवस गप्प बसतात, ते तू करू नकोस.

तुझ्यात यातलं काही नाही, हे डॉक्टरांनी पाहिलंय. मग धरलेल्या कमरेचे पहिले दोन दिवस कसे काढायचे? सासूबाई म्हणतील, आठवडाभर पडून राहा, हलू नकोस. त्यांची माया खरी आहे, पण सल्ला जुना आहे. अमेरिकेत रिचर्ड डेयो या डॉक्टरांनी १९८६ साली रुग्णांचे दोन गट केले, एकाला दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, दुसऱ्याला सात दिवस. सात दिवस झोपलेल्यांना काहीच जास्त फायदा झाला नाही, उलट दोन दिवसवाले कामावर लवकर परतले. म्हणून अगदी असह्य असेल तेवढाच वेळ आडवी हो. उताणी झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेव, किंवा कुशीवर होऊन दोन गुडघ्यांमध्ये उशी घे. गरम पाण्याच्या पिशवीने शेक. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने बसायचं. शिंक आली तर ओट्याला हात टेकून गुडघे किंचित वाकव. दर तासाला घरातल्या घरात दोन फेऱ्या मार. पोट साफ राहील असं खा, कुंथलं की कळ मारते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी सांगितली तितकीच आणि जेवल्यावर. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांनी पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडतात.

फळीवर किंवा जमिनीवर सतरंजी टाकून झोपायचा आग्रह होईल. नको. स्पेनमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कडक गादीपेक्षा मध्यम टणक गादीवर झोपणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. शिवाय धरलेल्या कमरेने जमिनीवरून उठणं हीच केवढी शिक्षा! पट्ट्याचंही तसंच. प्रवासापुरता बांधलास तर बांध, पण त्याच्यावर कायमची विसंबू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या शेवटी जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात पट्टे आणि वजनं लावून ओढणं हे सरसकट करू नये असंच म्हटलंय. आणि गावाकडे कुणी पायाळू माणसाला बोलावलं, तर त्याने नुसता पाठीला पाय लावला तर लावू दे, आजीचं मन राहील. लाथ नाही. हाडवैद्याचा हिसकाही नाही. गादी दुखावलेल्या पाठीला असा झटका देऊन घेऊ नये, यावर मी अगदी ठाम आहे.

सकाळचं एक सांगते, हे आपल्याकडच्या बायकांना कुणी सांगतच नाही. रात्री आपण आडवे असतो तेव्हा मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टपोऱ्या होतात. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा एखादा सेंटिमीटर जास्त भरते. अशा फुगलेल्या गादीवर खोल वाकण्याचा ताण सर्वांत जास्त पडतो. आणि आपली सकाळ कशी सुरू होते? नळाला पाणी येतं म्हणून पाचला उठून वाकून बादल्या भरायच्या, केर काढायचा, सडा घालायचा, ओणवं होऊन रांगोळी. सगळं वाकण्याचं काम नेमकं त्याच वेळात! उठल्यावर पहिले दोन तास वाकणं टाळलं तर कंबरदुखीचे दिवस कमी होतात, हे अभ्यासातही दिसलंय. तेव्हा आधी चहा कर, उभ्याने भाजी चीर, डबे भर, थोडी हिंड. केर मागाहून काढ, तोही लांब दांड्याच्या झाडूने. पाण्याच्या बादल्या अर्ध्या भर, किंवा पाइप लावून घे. रांगोळी उंबऱ्याशी स्टुलावर बसून काढ, नाहीतर ती एखाद्या दिवशी राहू दे.

व्यायामाचं काय, तर एकच व्यायाम सगळ्यांना चालत नाही. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ साली त्यांचा एक रुग्ण, ज्याची कळ पायात उतरली होती, उशाकडून वर उचललेल्या टेबलावर चुकून तसाच पालथा झोपला. मॅकेन्झी थोड्या वेळाने येऊन बघतात तर काय, माणूस मागे वाकलेला, आणि पायातली कळ गेलेली! तिथून त्यांची पुढची सगळी पद्धत उभी राहिली. तिच्यातलं एक सूत्र तू लक्षात ठेव: एखाद्या हालचालीने पायातली कळ वर सरकून कमरेकडे आली, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी ती हालचाल बहुधा तुझ्या फायद्याची. कळ खाली पावलाकडे निघाली तर ती हालचाल थांबव. म्हणूनच शेजारणीला भुजंगासनाने बरं वाटलं म्हणून तू उद्यापासून सुरू करू नकोस. काहींना मागे वाकणं मानवतं, काहींना त्यानेच त्रास होतो. फिजिओथेरपिस्टकडून तुझं काय ते बघून घे. ते पोटाचे, नितंबांचे आणि पाठीचे स्नायू हळूहळू कणखर करायला शिकवतील. बरं वाटल्यावर सोडायचे नाहीत हे व्यायाम, इथेच आपण सगळ्या कमी पडतो.

आणि चाल. औषधांच्या दुकानात याच्या तोडीचं काही मिळत नाही. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सगळे नुकतेच कंबरदुखीतून बरे झालेले. ज्यांनी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत नियमित चालणं ठेवलं, त्यांची कंबर पुन्हा धरायला, मध्यक पाहिला तर, २०८ दिवस लागले. ज्यांना असा कार्यक्रम दिला नव्हता त्यांची ११२ दिवसांत धरली. चालण्याचं लक्ष्य होतं आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास. तू दहा मिनिटांपासून सुरुवात कर. ओढणी खोचून, बूट घालून चाल, चपला फटकारत नको.

आता जे फोनवर तू बोलली नाहीस, ते मीच बोलते. पाठदुखी दिसत नाही. प्लास्टर नाही, टाका नाही, सूज नाही. म्हणून घरच्यांना वाटतं, काल तर हसत होती, आज लगेच काय झालं? आणि तूही कुणाला दिसू नये म्हणून दात आवळून काम करत राहतेस. असं करू नकोस. दुखायला लागल्यावर चिडून सांगण्यापेक्षा, बरी असताना शांतपणे बसून सांग: भरलेला सिलिंडर मी हलवणार नाही, तो तीस किलोच्या आसपास असतो, पिठाचा डबा, गणपतीतली मोठी पातेली, माळ्यावरचं सामान, ओली चादर पिळणं ही कामं आता दुसऱ्याची. लेक दहा वर्षांचा आहे ना? बादली तो उचलेल. यात मागितल्यासारखं काही नाही, घर सगळ्यांचं आहे. आणि बरं वाटेल त्या दिवशी तुंबलेलं सगळं एकदम उपसायला घेऊ नकोस. तसं केलं की पुढचे तीन दिवस झोपून काढावे लागतात, मग पुन्हा बरं, पुन्हा उपसणं. चांगल्या दिवशीही मोजकंच कर आणि वाईट दिवशीही थोडं कर.

नवऱ्याजवळही मोकळी हो. दुखेल या भीतीने तू लांब लांब राहतेस आणि त्याला वाटतं हिचं मनच उडालं. त्याला स्पष्ट सांग कशाने दुखतं, कशाने नाही. कुशीवर राहून, कमरेखाली उशी घेऊन पुष्कळ जणींना त्रास होत नाही. घाई नसावी, इतकंच. हे फिजिओथेरपिस्टला विचारायलाही लाजू नकोस, त्यांना रोज विचारतात. पाळीच्या दिवसांत कंबर जास्त दुखली तर तेही टिपून ठेव आणि डॉक्टरांना सांग.

तुला पुन्हा स्कूटी चालवायची आहे, मला माहितीये. चालवशील. आधी गल्लीतल्या गल्लीत, मग बाजारापर्यंत, गतिरोधकावर हळू. माझी कंबर यंदाही धरली होती, आणि त्यानंतर मी पंढरपूरला जाऊन आले. या आठवड्यात फिजिओथेरपिस्टची वेळ घे, लेकाला बादलीचं काम लावून दे, आणि काय ठरलं ते मला फोन करून सांग.