नवा लॅपटॉप आणि अठ्ठेचाळीस आकडी चावी



ह्या पानावर एरवी आम्ही लागण, बेणे, खोडवा ह्यांविषयी लिहितो. ह्या खेपेस विषय निराळा आहे. बऱ्याच सभासदांच्या घरी मुलांच्या शिक्षणासाठी वा हिशेबासाठी नवा लॅपटॉप येतो आहे. आमच्या गट ऑफिसातल्या लॅपटॉपने आम्हांस जो घाम फोडला तो आपणांस फुटू नये, म्हणून हा मजकूर.

जुन्या यंत्रावर विंडोज १० होते. त्याची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, म्हणून विंडोज ११ चा नवा घेतला. पहिल्यांदा चालू करताना तो मायक्रोसॉफ्टचे खाते मागतो. आमच्या ईमेलचा पासवर्ड कोणालाच आठवेना. दुकानातल्या पोराने स्वतःचेच खाते घातले. "साहेब, नंतर बदला," म्हणाला. आम्हीही बरं म्हटलं आणि विसरलो.

पुढे काम झकास चाललं. सेटिंगमध्ये मराठी भाषा घेतली की विंडोजची कळ आणि स्पेस एकदम दाबून मराठी-इंग्रजी बदलता येते. फक्त जुनी सभासद-यादी उघडली तर अक्षरांची खिचडी! ती जुन्या फॉन्टात टाइप केलेली. तो फॉन्ट पुन्हा बसवला तेव्हा कुठं वाचता आली.

अडसालीच्या नोंदी घालून झाल्या, आणि एका सकाळी निळा पडदा. अठ्ठेचाळीस आकड्यांची चावी मागतो. रात्री बायोसचे अपडेट झाले होते, त्यामुळे यंत्राला संशय आला.

प्रकार असा. विंडोज ११ च्या बहुतेक नव्या लॅपटॉपांत खाते घातले की आतल्या डिस्कला आपोआप कुलूप लागते आणि त्याची चावी त्याच खात्यात जाऊन बसते. रोज ते कुलूप आपले आपण उघडते, म्हणून आपणांस पत्ता लागत नाही. लॅपटॉप चोरीस गेला तर चोराच्या हाती आतले काही लागत नाही, हा फायदा खराच. पण मदरबोर्ड बदलला किंवा असे अपडेट झाले की चावी मागू शकतो, आणि ती नसेल तर मालकही चोरासारखाच बाहेर. सगळे पुसून नव्याने सुरुवात करणे एवढेच उरते.

लागणीची तारीख गेली म्हणजे तोडीचा नंबर गेला. मग बांधावर काय होते ते आपणांस सांगावयास नको. चिटबॉयांनी खिशातल्या डायऱ्या काढल्या, पण निम्म्याच नोंदी जुळल्या. दुकानातला पोरगा नोकरी सोडून गेलेला. दोन दिवसांनी फोनवर सापडला. त्याने स्वतःच्या खात्यातून आकडे वाचले, आम्ही सहा-सहाच्या आठ गटांत टाकले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा उघडले.

तेव्हा खाते आपल्याच ईमेलने उघडावे. त्या खात्यात मोबाइलवरूनही शिरता येते. तेथे उपकरणांच्या पानावर चावी दिसते. ती कागदावर उतरून सात-बाराच्या फायलीत ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे. वनड्राइव्हवर फुकट जागा पाचच जीबी असते, फोटोंनी लगेच भरते. म्हणून आठवड्याला एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. आमची आता शनिवारी घेतली जाते.

ज्यांना चावी पाहणे जमत नसेल त्यांनी लॅपटॉप घेऊन गट ऑफिसात यावे. पासवर्ड मात्र आपला आपणच टाकावा, आमच्या माणसाससुद्धा सांगू नये.