आधी ऑर्गनजवळ जा

चि. भाचीस,


वडशाच्या नाटक मंडळात तुला गाणारी भूमिका मिळाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. दिवाळीनंतर धान घरी आलं की होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं. आज आरमोरीकडे, उद्या सिंदेवाहीकडे. तालमीला वेळ कमीच मिळेल, म्हणून आत्ताच लिहितो.

तू मोबाइलवरच्या ट्रॅकवर गाऊन तयार झालीस. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. त्याच्यामागे धावायची सवय तुला लागली आहे. नाटकातला ऑर्गनवाला मात्र तुझ्यासाठी थांबतो. एखाद्या शब्दावर तू रेंगाळलीस तर सूर धरून ठेवतो, ओळ विसरलीस तर मुखड्यावर आणून सोडतो. पण तुझा श्वास कुठे तुटतो, हे त्याला ठाऊक हवं.

तेव्हा गावात पोचल्यावर रंग लावायला बसण्याआधी त्याच्याजवळ जा. पट्टी ठरव. दुपारी काळी चारमध्ये सहज लागणारा वरचा षड्ज डिसेंबरात पहाटे तीनला लागेलच असं नाही. घसा बसला असेल तर पडदा उघडण्यापूर्वी सांग, तो पट्टी उतरवेल. पदाआधीचं वाक्य त्याला म्हणून दाखव. त्या वाक्याखाली तो हलकेच सूर देईल, तिकडे कान ठेव. वन्समोर आला तर कुठून उचलायचं तेही ठरवून घे.

पायांनी भाता चालतो म्हणून ऑर्गनवाल्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि सूर भरीव निघतो. त्याच्याशी चढाओढ करत आवाज ताणू नकोस. मींड मात्र ऑर्गनच्या पट्ट्यांतून निघत नाही, ती तुझ्या गळ्यातूनच यायची. चांगला साथीदार तिथे हात आवरतो. ती जागा घाईनं उरकू नकोस.

साथीदाराचं मोल किती ते बघ: इंग्लंडात चाल लावलेल्या कवितांची मैफल गायक आणि पियानोवादक असे दोघंच करतात. तिथे पियानोचे स्वर संगीतकारानं लिहून दिलेले असतात, तरी साथीदाराचा मान मोठा. जेराल्ड मूर या इंग्रज पियानोवादकानं आयुष्यभर साथच केली. 1967 मध्ये लंडनला त्याच्या निरोपाच्या मैफलीत जगातले तीन नामांकित गायक त्याच्यासाठी गायले. आपला ऑर्गनवाला तर तुला ऐकत ऐकतच पद भरतो. त्याच्यासोबत बसण्याची गरज तुला अधिकच आहे.

टाळ्या पडल्या की त्याच्याकडे हात कर. सकाळी गाडी निघण्यापूर्वी, आपण कुठे ढळलो ते त्याला विचार आणि तो सांगेल ते मनावर घे.

पहिला प्रयोग कोणत्या गावी आहे ते कळव. मी येतो.

तुझा मामा