बीटच्या मुलखातले खासदार

शिरोळ तालुक्यातल्या उसाच्या गावातून उठून मी मिनेसोटातल्या मूरहेडला येऊन राहिलो. काम शेतीयंत्रांचं, त्यामुळे शेतकऱ्यांच्या घरी कॉफी पीत राजकारण ऐकायची सोय आयतीच झाली. हा अमेरिकी काँग्रेसचा (तिथल्या संसदेचा) मिनेसोटातला सातवा मतदारसंघ: कॅनडाच्या हद्दीला टेकलेला, गहू, सोयाबीन आणि साखरेच्या बीटचा. इथे राहून उमगलं ते असं.

१. पक्ष विचारायच्या आधी पीक विचारावं. गव्हाची प्रत मुद्दाम खालची लावायची, काटा मारायचा, रेल्वेचं भाडं मनाला येईल तसं घ्यायचं, या जाचाविरुद्ध १९१५ मध्ये शेजारच्या नॉर्थ डकोटात शेतकऱ्यांनी ‘नॉनपार्टिझन लीग’ उभी केली. ती चळवळ नदी ओलांडून इकडे आली, तिच्यातून फार्मर-लेबर पक्ष झाला आणि १९४४ मध्ये तो डेमोक्रॅटांमध्ये विलीन झाला. या राज्यातल्या डेमोक्रॅटांच्या पाटीवर ‘फार्मर-लेबर’ आजही आहे. शेकापच्या सभा ऐकत वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही.

२. बाईला पाडायला विरोधी पक्ष लागतोच असं नाही. ओक्ली नावाच्या बारक्या गावात नवऱ्याबरोबर हॉटेल चालवणाऱ्या कोया नट्सन १९५४ मध्ये डेमोक्रॅट पक्षाने पसंत केलेल्या उमेदवाराला प्राथमिक निवडणुकीत हरवून उभ्या राहिल्या. अ‍ॅकॉर्डियन वाजवत, गाणी म्हणत प्रचार केला आणि मिनेसोटाच्या पहिल्या महिला खासदार झाल्या. (तेव्हा या भागाचा नंबर नववा होता.) कृषी समितीवर बसणारी पहिली बाई त्याच. गरीब विद्यार्थ्यांना केंद्र सरकारकडून शिक्षणकर्ज मिळावं म्हणून त्यांनी नेट लावला आणि १९५८ मध्ये तो कायदा झाला. पण त्याच वर्षी वर्तमानपत्रांत नवऱ्याच्या नावाचं पत्र झळकलं: कोया, घरी ये. मजकूर मात्र पक्षातल्याच विरोधकांनी रचलेला होता. नवरा दारुडा, मारहाण करणारा. ते सांगायची सोय त्या काळात नव्हती. समोरच्या धिप्पाड रिपब्लिकन उमेदवाराने हे मर्दाचं काम आहे असा प्रचार चालवला. देशभर डेमोक्रॅटांची लाट असताना रिपब्लिकनाकडून हरलेल्या त्या पक्षाच्या एकमेव विद्यमान खासदार म्हणजे कोया. मतं कमी पडली चौदाशेच्या आत. आपल्याकडे पंचायतीत निवडून आलेल्या बाईचा कारभार पाहणारे ‘सरपंचपती’ मला या गोष्टीत हटकून आठवतात.

३. चेअरमन आमदार नसला तरी कारखाना चालतो. १९७३ मध्ये इथल्या बीट उत्पादकांनी अमेरिकन क्रिस्टल शुगर ही कंपनीच विकत घेऊन तिची सहकारी संस्था केली. ऑक्टोबरात रात्रंदिवस ट्रक धावतात, पण ऊन तापलं की काढणी चक्क थांबवतात, कारण गरम बीट ढिगात सडतं. थंडी पडली की तेच ढीग उघड्यावर गोठतात आणि गाळप वसंतापर्यंत चालतं. तोडलेला ऊस असा पडून राहिला तर आमचे सभासद मोर्चाच काढतील! इथे राजकारणाचा रोख मात्र विधानसभेवर नसतो. साखरेची आयात किती आणि कर्जाचा आधारदर किती, हे वॉशिंग्टनच्या कृषी विधेयकात ठरतं. म्हणून खासदार कुठल्या समितीवर आहे, हे इथल्या शेतकऱ्याला पाठ असतं. रोझोचे शेतकरी बॉब बर्गलँड १९७० मध्ये निवडून आले आणि १९७७ मध्ये थेट देशाचे कृषिमंत्री झाले. त्यांची रिकामी जागा लगेच रिपब्लिकनांनी जिंकली, ही गंमत वेगळी.

४. पडायची लाज धरू नये. हिशेबनीस कॉलिन पीटरसन १९८६ मध्ये याच जागेवर १२१ मतांनी पडले. त्याच्या आधी पडले होते, नंतरही पडले. १९९० मध्ये आले ते तीस वर्षं हलले नाहीत.

५. माणूस पक्षापेक्षा मोठा असू शकतो, पण काही काळच. पीटरसन स्वतःचं छोटं विमान चालवत मतदारसंघात फिरायचे, बँडमध्ये गिटार वाजवायचे. डेमोक्रॅट असून बंदुकीच्या बाजूचे, गर्भपाताच्या विरोधातले. ओबामांच्या आरोग्य कायद्याविरुद्धही त्यांनी मत दिलं. अध्यक्षपदासाठी हा मतदारसंघ २००८ मध्ये रिपब्लिकनांकडे जेमतेम झुकला होता. २०१६ मध्ये ट्रम्प इथे सुमारे ३१ टक्क्यांनी पुढे होते. तरी पीटरसन टिकले. २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगालाही त्यांनी विरोध केला. त्याचा उपयोग झाला नाही. माणूस चांगला, पण त्याचं मत शेवटी डेमोक्रॅट सभापती पेलोसींच्याच खात्यात जमा होतं, हा हिशेब स्वयंपाकघराच्या टेबलावर मी अनेकदा ऐकला, आणि तो खोटा नव्हता. तोटाही सगळ्यांना कळत होता: पीटरसन तेव्हा कृषी समितीचे अध्यक्ष होते, शेतीसंघटनांचा पैसा त्यांच्यामागे होता. २०२० मध्ये रिपब्लिकन मिशेल फिशबाक यांनी त्यांना तेरा-चौदा टक्क्यांनी पाडलं. कृषी समितीचं अध्यक्षपद गेलं अटलांटाच्या उपनगरांतून येणाऱ्या खासदाराकडे.